गावातला खून आणि शेजारच्या चौकस बाई: 'कोझी' रहस्यकथांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक लहानसं गाव, एक खून आणि पोलिसांच्या आधी सगळं ओळखणारं कुणीतरी साधंसुधं माणूस. या कथांवर माझा फार जीव आहे, म्हणून त्यांच्याबद्दलचे प्रश्नही माझ्याकडे सतत येतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एक शब्द आधीच देते: कुठल्याही गोष्टीतला खुनी कोण, हे इथे कुठेही फोडलेलं नाही.

१. 'कोझी' रहस्यकथा म्हणजे नेमकी कोणती?

कोझी म्हणजे ऊबदार, सुखावणारं. या कथेत जागा लहान असते, बहुतेकदा खेडं, आणि तिथे प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव आणि निम्मा इतिहास ठाऊक असतो. खून होतो, पण आपल्या डोळ्यांदेखत होत नाही. रक्त, जखमा, यातना यांची वर्णनं नसतात. तपास करणारी व्यक्ती पोलिसांत नसते: एखादी अविवाहित वयस्क बाई, चर्चचा पाद्री, निवृत्त शिक्षिका, कुणाची तरी आत्या. आणि शेवटी उत्तर मिळतं, तेही पूर्ण.

हे नाव पुष्कळ उशिरा चिकटलं. १९३० साली या पुस्तकांना नुसतं 'डिटेक्टिव्ह कथा' म्हणत. आता मात्र हा स्वतंत्र प्रकार मानला जातो. अमेरिकेत १९८९ पासून 'मॅलिस डोमेस्टिक' हे संमेलन खास अशा कथांसाठी भरतं आणि तिथले पुरस्कार 'अगाथा' नावाने दिले जातात. अगाथा म्हणजे अर्थातच रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्ती.

२. खुनाची गोष्ट वाचून बरं वाटतं, हे विचित्र नाही का?

हा प्रश्न विचारणारे बरेच जण थोडे ओशाळलेले असतात. ओशाळू नका. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये इंग्रजी खुनांवर एक लेख लिहिला, त्याची सुरुवातच अशी आहे: रविवारची दुपार, बायको आरामखुर्चीत झोपलेली, मुलांना फिरायला पिटाळलेलं, पोट भरलेलं, चहा झालेला, पाय सोफ्यावर आणि हातात वर्तमानपत्र. अशा वेळी माणसाला काय वाचावंसं वाटतं? अर्थातच खुनाबद्दल.

कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी तर १९४८ च्या लेखात कबूलच केलं की या कथांचं त्यांना व्यसन आहे. काम हातावेगळं करायचं असेल तर असं पुस्तक हाती लागणार नाही याची काळजी घ्यावी लागते. त्यांचं म्हणणं असं, की गावाचं निष्पापपण खुनामुळे भंगतं, प्रत्येकावर संशयाची सावली पडते, आणि खरा दोषी सापडला की बाकीचे सगळे त्या सावलीतून सुटतात.

मला ते पटतं, पण माझ्या मते याहून साधं कारण जास्त खोल आहे. या कथांमध्ये माणसांकडे कुणाचं तरी नीट लक्ष असतं. कोण कधी गप्प झालं, कुणी नेहमीच्या वेळी पडदे उघडले नाहीत, कुणाची मोलकरीण अचानक काम सोडून गेली, याची नोंद घेतली जाते आणि ती नोंद पुढे कामाला येते. बाहेरच्या जगात माणूस नाहीसा झाला तरी आठवडाभर शेजाऱ्याला पत्ता नसतो. इथे 'हे असं का झालं?' असं विचारणारं कुणीतरी असतंच, आणि उत्तर मिळेपर्यंत ते विचारत राहतं. ती ऊब त्यातून येते.

३. खेडंच का? शहरात रहस्यकथा होत नाही का?

होते, उत्तम होते. पण खेड्यात लेखकाला दोन गोष्टी फुकट मिळतात. पहिली म्हणजे कुंपण. संशयित सहा किंवा आठच, आणि त्यांना आपण नावानिशी ओळखतो. परका माणूस आला तर अख्ख्या गावाने त्याला पाहिलेलं असतं. दुसरी म्हणजे ठरलेला दिवस. टपाल अमुक वाजता, बस तमुक वाजता, रविवारी चर्च. ज्या ठिकाणी रोज तेच घडतं तिथे जरासा बदलही ठळक दिसतो.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे अगाथा ख्रिस्ती यांच्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०) या कादंबरीचं पहिलं प्रकरण. सकाळची वेळ. एक पोरगा सायकलवरून शीळ घालत चिपिंग क्लेगहॉर्न गावात घरोघर वर्तमानपत्रं टाकत चाललाय. कुणाकडे कुठलं वर्तमानपत्र येतं, तेवढ्यावरून घराची ओळख होते: कोण कुठल्या राजकारणाचं, कोण किती शिकलेलं, कोणाच्या घरात दोन माणसांचं दोन दिशांना तोंड. शुक्रवारी मात्र गावचं साप्ताहिक सगळ्यांकडेच पडतं, आणि त्या शुक्रवारी त्यात छोट्या जाहिरातींच्या रकान्यात छापलेलं असतं की अमुक घरी, संध्याकाळी साडेसहाला, खून होणार आहे. मित्रमंडळींनी हीच सूचना समजावी. अख्खं गाव सहज म्हणून त्या घरी हजर. शहरात अशी जाहिरात कुणी वाचलीही नसती, आणि वाचली असती तरी कोण कुठल्या घरी जाणार?

ऑडेन यांचा मुद्दा इथेही लागू पडतो. प्रेत धक्कादायक वाटायला हवं ते नुसतं प्रेत म्हणून नाही, तर ते अगदी नको त्या जागी आहे म्हणून. गुत्त्याच्या मागच्या गल्लीत प्रेत सापडलं तर आपण मान डोलावतो. पाद्र्याच्या अभ्यासिकेत सापडलं तर उठून बसतो. (खेडं खरंच एवढं निष्पाप असतं का, ते प्रश्न ११ मध्ये.)

४. हे सगळं मिस मार्पलपासून सुरू झालं का?

मिस मार्पल, म्हणजे अगाथा ख्रिस्तींच्या कथांतल्या वयस्क, अविवाहित डिटेक्टिव्ह, सगळ्यात प्रसिद्ध, पण पहिल्या नव्हेत. जी. के. चेस्टरटन यांचे फादर ब्राउन १९१० पासून छापून येत होते: बुटके, गोल चेहऱ्याचे, छत्री सांभाळत धडपडणारे कॅथलिक पाद्री. त्यांना गुन्हा कळतो याचं कारण सरळ आहे. दिवसभर लोकांच्या पापांचे कबुलीजबाब ऐकणाऱ्या माणसाला दुष्टपणा अनोळखी कसा असेल?

मिस जेन मार्पल पहिल्यांदा डिसेंबर १९२७ मध्ये एका मासिकातल्या कथेत आल्या, आणि १९३० मध्ये 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' ही त्यांची पहिली कादंबरी आली. त्यांचं गाव सेंट मेरी मीड. आपल्या आजीच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या आठवणी या पात्रात उतरल्या, असं ख्रिस्तींनी आत्मचरित्रात सांगितलं आहे: ती आजी आनंदी होती, पण सगळ्यांकडून नेहमी वाईटाचीच अपेक्षा करायची, आणि भयंकर गोष्ट अशी की बहुतेक वेळा ती खरी ठरायची. एकूण १२ कादंबऱ्या आणि २० लघुकथांत मिस मार्पल आहेत.

५. पोलीस असताना एका म्हातारीला लोक सगळं का सांगतात?

ती विचारत नाही म्हणून. इन्स्पेक्टर समोर बसला, वही उघडली, की माणूस शब्द तोलून बोलतो. तीच बाई लोकरीचे धागे गुंडाळत बसली आणि 'तुमच्या स्वयंपाकीणबाई आता कशा आहेत?' म्हणाली की पुढचा अर्धा तास आपोआप निघतो. तिला फसवावं असंही कुणाच्या मनात येत नाही, कारण ती कुणाच्या हिशेबातच नसते.

याला इतिहासाची एक दुखरी बाजू आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ च्या जनगणनेत, इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा सुमारे १७ लाख स्त्रिया जास्त भरल्या. त्यांना त्या काळी सरळ 'जादा बायका' म्हटलं जाई. गावोगावी अशा अविवाहित स्त्रिया होत्या: कुणाच्या घरात सोबतीण म्हणून, कुणी भाच्याच्या आधाराने, कुणी तुटपुंज्या उत्पन्नावर. त्यांना गृहीत धरलं जाई. त्याच गृहीत धरलेल्या बाईच्या हाती ख्रिस्तींनी गावातली सगळ्यात तल्लख नजर दिली. याचं मोल आपण कमी करतो, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या कादंबरीत गोष्ट सांगणारा पाद्री मिस मार्पलचा शेजारी आहे, आणि तो म्हणतो की त्यांच्या नजरेतून काहीही सुटत नाही. बागकाम ही उत्तम आडोशाची जागा, आणि पक्षी बघायला घेतलेली दुर्बीण इतरही काही बघायला चालते.

६. पण त्या पुरावा कुठे शोधतात? 'बायकांना आतून कळतं' तसलाच प्रकार ना?

नाही, आणि हा गैरसमज मला फार खटकतो. लंडनमध्ये १९३० मध्ये रहस्यकथाकारांनी 'डिटेक्शन क्लब' काढला. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष. सभासद होताना शपथ घ्यावी लागे, की आपला डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्कार, स्त्रीसुलभ अंतर्ज्ञान, मंत्रतंत्र किंवा योगायोग यांच्या जोरावर गुन्हा उलगडणार नाही. ख्रिस्ती या क्लबात सुरुवातीपासून होत्या.

मिस मार्पलची पद्धत म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, पण शितं आयुष्यभर जमवलेली. पहिल्याच कथेत मंगळवारच्या रात्री काही मंडळी त्यांच्या घरी जमली आहेत: लेखक भाचा, एक चित्रकार तरुणी, एक धर्मगुरू, एक वकील आणि स्कॉटलंड यार्डचे निवृत्त प्रमुख. प्रत्येकाने एक न सुटलेलं कोडं सांगायचं. इतक्यात मिस मार्पल आपल्या गावातलं कोडं सांगतात: मिसेस करुथर्स यांनी सोललेली कोळंबी विकत घेतली, आणखी दोन दुकानांत गेल्या, घरी आल्या तर कोळंबी गायब! भाचा कंटाळतो. बाकीच्यांना वाटतं म्हातारी भरकटली. पण या आणि पुढच्या कथांत पाहुण्यांतल्या प्रत्येकाचं कोडं त्याच सोडवतात, आणि बहुतेकदा गावातल्या कुणाची तरी आठवण काढून: हा माणूस मला अमक्या दुकानदारासारखा वाटला, ती मुलगी तमक्या घरच्या मोलकरणीसारखी.

यात गूढ काही नाही. माणसांचे साचे मर्यादित असतात. लोभी माणूस किराणा दुकानात असो की हवेलीत, तो एकाच पद्धतीने नजर चुकवतो. डॉक्टरने हजार रोगी पाहिल्यावर त्याचं निदान जितकं 'आतून' येतं, तितकंच हे.

७. या गोष्टींत इतक्या वेळा विषच का असतं?

एक कारण लेखनाच्या सोयीचं. विषाला ताकद लागत नाही, आवाज होत नाही, रक्त सांडत नाही, आणि खुनी त्या वेळी दुसऱ्या गावी असू शकतो. शिवाय विष जेवणात, चहात, औषधात जातं, म्हणजे थेट विश्वासाच्या जागी. ज्याने कप पुढे केला त्याच्यावर आपण शंका घेत नाही.

दुसरं कारण ख्रिस्तींच्या आयुष्यातलं. पहिल्या महायुद्धात त्यांनी टॉर्कीच्या रुग्णालयातल्या औषध विभागात काम केलं आणि औषधं बनवण्याची परीक्षाही दिली. बाटल्या, मात्रा, कशात काय मिसळलं की काय होतं, हे त्यांच्या हातांना माहीत होतं. त्यांच्या पहिल्या कादंबरीचं (१९२०) कौतुक औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने केलं, याचा त्यांना फार अभिमान होता.

तिसरं कारण गावाचं. इंग्लंडमध्ये १८५१ च्या कायद्यापासून सोमल, म्हणजे आर्सेनिक, विकताना दुकानदाराला वहीत नाव, पत्ता, कशासाठी हवं ते लिहून घ्यावं लागे आणि गिऱ्हाइकाची सही घ्यावी लागे. गिऱ्हाईक अनोळखी असेल तर दोघांच्या ओळखीचा साक्षीदार हवा. थोडं थोडं विकायचं सोमल काजळी किंवा नीळ मिसळून रंगीत करावं लागे, म्हणजे पांढरी पूड साखरेच्या भांड्यात खपून जायला नको. आता कल्पना करा: गावात औषधाचं दुकान एकच, दुकानदार तुम्हाला लहानपणापासून ओळखणारा, आणि तुम्ही म्हणता, 'तण मारायला थोडं सोमल हवंय.' वहीत सही. त्या एका सहीवर कितीतरी गोष्टी उभ्या राहिल्या आहेत.

यातलं ज्ञान वरवरचं नसतं, याचा एक खरा दाखला आहे. १९७७ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात एक लहान मूल मरणपंथाला लागलं होतं, डॉक्टरांना निदान होत नव्हतं. तिथली नर्स तेव्हा ख्रिस्तींची एक कादंबरी वाचत होती; त्यातली लक्षणं आणि मुलाची लक्षणं जुळतात हे तिच्या ध्यानात आलं. तपासणी झाली, थॅलियमची विषबाधा निघाली, मूल वाचलं. पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण विष कोणतं हेच त्याचं गुपित आहे.

८. खुनी मला आधी ओळखता यायला हवा का? की लेखक फसवतोच?

ओळखता येणं शक्य हवं. या प्रकारातला करार तोच आहे. रोनाल्ड नॉक्स, जे स्वतः कॅथलिक धर्मगुरू आणि रहस्यकथाकार होते, त्यांनी १९२९ मध्ये दहा नियम लिहिले: डिटेक्टिव्हला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकालाही दाखवायचा, खुनी गोष्टीत सुरुवातीलाच यायला हवा, भुताखेतांना मनाई, एकाहून जास्त गुप्त दरवाजे नकोत, जुळे भाऊ असतील तर आधी तशी कल्पना द्यायची.

फसवणूक होते ती लपवून नाही, तर उघड्यावर ठेवून. महत्त्वाची गोष्ट एखाद्या लांबलचक वाक्याच्या मधोमध टाकतात, किंवा जिच्या बोलण्याकडे कुणी लक्ष देत नाही अशा पात्राच्या तोंडी देतात. म्हणून माझा सल्ला: गोष्टीत ज्याला सगळे मूर्ख किंवा बडबड्या म्हणतात त्याचं प्रत्येक वाक्य नीट वाचा. वेळा लिहून ठेवायची गरज नाही. वेळापत्रकं बहुतेकदा आपल्याला गुंतवायलाच असतात. 'असं होतं' आणि 'असं तो म्हणाला' यांत फरक करायला शिका. निम्मं काम तिथेच होतं.

९. एवढ्याशा गावात इतके खून कसे? कुणी राहायचं धाडस कसं करतं?

लांबलेल्या मालिकांत हे होतंच. 'मर्डर, शी रोट' ही अमेरिकन मालिका १९८४ ते १९९६ अशी १२ हंगाम, २६४ भाग चालली. नायिका जेसिका फ्लेचर मेन राज्यातल्या कॅबट कोव्ह या काल्पनिक किनारी गावातली लेखिका. दर आठवड्याला तिथेच खून दाखवला असता तर गावात माणूस उरला नसता, म्हणून तिला सतत कुठे ना कुठे पाहुणी पाठवली, आणि पुढे तर न्यूयॉर्कमध्ये शिकवायलाही लावलं. ख्रिस्तींनी हा तोल आधीच सांभाळला होता. मिस मार्पलच्या कादंबऱ्यांपैकी मोजक्याच सेंट मेरी मीडमध्ये घडतात. १९६४ ची वेस्ट इंडीजमध्ये, १९६५ ची लंडनच्या हॉटेलात.

१०. नायक पोलीस असेल तरी ती कोझी म्हणायची का?

काटेकोर उत्तर: नाही. पण गावाची हवा तीच असेल तर वाचक ती याच कपाटात ठेवतात, आणि मीही ठेवते. 'मिडसमर मर्डर्स' १९९७ पासून टीव्हीवर आहे, कॅरोलिन ग्रॅहम यांच्या १९८७ च्या कादंबरीपासून सुरू झालेली. तिचा बार्नाबी चीफ इन्स्पेक्टर आहे. एम. सी. बीटन यांचा हेमिश मॅकबेथ स्कॉटलंडच्या खेड्यातला हवालदार, पण त्याला गावातल्या प्रत्येकाची नस माहीत आहे. तो गणवेशातला हौशीच. लुईज पेनी यांचा गमाश क्यूबेक पोलिसांतला मोठा अधिकारी, मात्र त्यांच्या पुस्तकांत दुःख इतकं खोलवर जातं की 'ऊबदार' हा शब्द मला अपुरा वाटतो.

माझी कसोटी अशी: गुन्हा प्रयोगशाळेतल्या अहवालाने सुटला की माणसं ओळखल्याने? दुसरं असेल तर घ्या आत.

११. हे सगळं खोटं, गोड-गोड इंग्लंड आहे असं टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

काही अंशी आहे. अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलर यांनी १९४४ च्या निबंधात या इंग्रजी शैलीवर सडकून टीका केली: कोड्यासाठी प्रेत हवं म्हणून केलेले खून, खऱ्या माणसांनी खऱ्या कारणासाठी केलेले नव्हेत. पुढच्याच वर्षी समीक्षक एडमंड विल्सन यांनी असल्या कथा वाचण्यात वेळ का घालवावा, असा सवाल केला.

पण गोड? शेरलॉक होम्सच्या १८९२ च्या एका कथेत वॉटसन रेल्वेच्या खिडकीतून सुंदर शेतघरं बघून हरखतो, आणि होम्स म्हणतो की मला त्या घरांचं एकटेपण दिसतं. लंडनच्या गलिच्छातल्या गलिच्छ गल्लीत मार खाणाऱ्या मुलाची किंकाळी शेजाऱ्यांना ऐकू तरी जाते. इथे वर्षानुवर्षं छळ चालला तरी कुणाला कळणार नाही. या प्रकारातल्या चांगल्या कथा होम्सचं हे म्हणणं विसरत नाहीत.

ख्रिस्तींचं गावही थिजलेलं नाही. १९५० च्या कादंबरीत रेशनकार्डं आहेत, ओळखपत्रं आहेत, गुपचूप लोणी-अंड्यांची देवाणघेवाण आहे; ब्रिटनमध्ये रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं. मिस मार्पल तिथे एक गोष्ट नोंदवतात जी मला रहस्यापेक्षाही जास्त लक्षात राहिली: युद्धापूर्वी गावात कोण कोण आहे हे सगळ्यांना माहीत असे, नवा माणूस आला तर कुणाच्या तरी ओळखीचं पत्र घेऊन येई. आता लोक येतात, घर घेतात, आणि आपल्याला त्यांच्याबद्दल तेवढंच कळतं जेवढं ते स्वतः सांगतात. १९६२ च्या कादंबरीत तर सेंट मेरी मीडच्या कडेला नव्या घरांची अख्खी वसाहत उभी राहिली आहे, आणि वृद्ध मिस मार्पल एकटीच तिथे फिरायला जातात, नव्या चेहऱ्यांत जुने साचे शोधत.

खरा दोष मला वेगळा वाटतो. त्या काळचे पूर्वग्रह या पुस्तकांत उघडे पडलेत. नोकरमाणसं पुष्कळदा हसण्यापुरती येतात. त्याच १९५० च्या पुस्तकातली निर्वासित स्वयंपाकीण, जिने युद्धात काय काय सोसलंय असं सांगितलं जातं, तिच्या भीतीची थट्टा होते. ते वाचताना मला आजही त्रास होतो, आणि तो व्हायलाच हवा.

१२. खुनी पकडला गेल्यावर त्याचं काय होतं? पुस्तकं तिथेच का थांबतात?

कारण पुढे फाशी होती. ब्रिटनमध्ये खुनासाठी फाशी १९६५ मध्ये स्थगित आणि १९६९ मध्ये कायमची बंद झाली, म्हणजे ज्याला या कथांचा 'सुवर्णकाळ' म्हणतात त्या दोन महायुद्धांमधल्या काळातल्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटच्या पानापलीकडे फास आहे. बहुतेक लेखक तिकडे बघत नाहीत.

डोरोथी सेयर्स यांनी बघितलं. 'बसमन्स हनिमून' (१९३७) मध्ये त्यांचा हौशी डिटेक्टिव्ह लॉर्ड पीटर खेड्यातल्या नव्या घरात खून उलगडतो, पण पुस्तक तिथे संपत नाही. खटला होतो, शिक्षा होते, आणि फाशीच्या सकाळी तो पार कोसळतो, कारण या माणसाला तिथवर आणून सोडणारा तोच आहे. ज्याला कोझी हलकी वाटते त्याने ती शेवटची प्रकरणं वाचावीत.

१३. मोबाइल, सीसीटीव्ही आणि डीएनए आल्यावर हौशी डिटेक्टिव्हला काय काम उरलं?

१९८७ मध्ये इंग्लंडच्या लेस्टरशायर परगण्यात दोन किशोरवयीन मुलींच्या खुनांचा तपास चालू होता. ही खरी, फार दुःखद घटना आहे. आसपासच्या गावांतल्या पाच हजारांहून जास्त पुरुषांचे नमुने तपासले गेले. डीएनएची अशी मोठी चाचणी जगात पहिल्यांदाच होत होती. आणि गुन्हेगार निसटला, कारण त्याने आपल्या जागी दुसऱ्याला पाठवलं होतं. तो सापडला तो पबमध्ये झालेल्या गप्पांमुळे: त्या दुसऱ्या माणसाच्या तोंडून हे निघालं, ऐकणाऱ्यांपैकी एका बाईला ते स्वस्थ बसू देईना आणि तिने पोलिसांना कळवलं. मग डीएनएने शिक्कामोर्तब केलं.

आजचे लेखक हे जाणतात. रिचर्ड ऑस्मन यांच्या २०२० च्या 'द थर्सडे मर्डर क्लब'मध्ये केंट परगण्यातल्या निवृत्तांच्या वसाहतीतले चौघे दर गुरुवारी जुने खटले उकरतात. त्यात एक माजी नर्स आहे, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक कामगार पुढारी. आयुष्यभर माणसांशी ज्यांचं काम पडलं असे लोक. (चौथीने गुप्तहेर खात्यात वर्षं काढलेली दिसतात, तेव्हा 'हौशी' या शब्दाला तिथे जरा ताण पडतो.)

१४. कुठून सुरुवात करू? क्रमाने वाचावं लागतं का?

क्रम आवश्यक नाही. दहा मिनिटांची सवय लावायची असेल तर 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' (१९३२) हा मिस मार्पलचा कथासंग्रह घ्या, प्रश्न ६ मधली कोळंबी त्यातच आहे. कादंबरी हवी असेल तर प्रश्न ३ मधलं जाहिरातीचं पुस्तक. माझ्या मते मिस मार्पलच्या पुस्तकांत तेच अव्वल. 'स्लीपिंग मर्डर' ख्रिस्तींच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये आलं, पण ते कितीतरी आधी लिहून ठेवलेलं होतं, म्हणून त्यात मिस मार्पल अचानक तरतरीत वाटल्या तर गोंधळू नका.

बघायचं असेल तर जोन हिक्सन यांनी १९८४ ते १९९२ मध्ये बीबीसीसाठी बाराही कादंबऱ्या साकारल्या. त्या काही करत नाहीत, नुसत्या बघतात, आणि तेवढ्याने अंगावर काटा येतो.

१५. मुलांना वाचायला द्याव्यात का?

बारा-तेराव्या वर्षापासून खुशाल. प्रश्न ११ च्या शेवटी जे पूर्वग्रह सांगितले, त्यांच्याबद्दल मात्र सोबत बसून बोला.

१६. शेवट आधीच कळला. आता वाचण्यात काही अर्थ आहे का?

ऑडेन म्हणत, की पुस्तक संपलं की मी गोष्ट विसरतो आणि पुन्हा वाचावीशी वाटत नाही. माझा अनुभव अगदी उलटा आहे. पहिल्या वाचनात आपण खुन्याच्या मागे धावतो, आणि धावताना शेजारची माणसं नुसती झर्रकन जातात. शेवट माहीत असला की थांबता येतं. जाहिरातीचं ते प्रकरण मी चार वेळा वाचलं आहे. चौथ्या वेळी मी फक्त घरं बघितली: एका घरी आई मुलाला जाहिरात मोठ्याने वाचून दाखवते आणि त्याचं लक्ष नसतं, एका घरी नवरा बायकोला समजावतो की हा नुसता खेळ असणार, पाद्र्याच्या घरी वेगळीच लगबग. प्रत्येक जण संध्याकाळी साडेसहाला तिथे जायला वेगवेगळं निमित्त शोधतो, आणि तिथे पोचल्यावर ते निमित्त कुणाच्या तोंडून कसं बाहेर पडतं, ते पुस्तक मिळालं की तुम्हीच बघा.